हो म्हणालो आणि गोलात सापडलो

मी भित्रा नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचताना काही जणांचा गैरसमज होण्याची शक्यता आहे. मी फक्त काळजी घेतो. आता लॉकडाऊनमध्ये मी कोथिंबीर साबणाच्या पाण्यात धुतली, हे खरं. तिची चटणी खाताना घरातल्यांच्या तोंडाला फेस आला, हेही खरं. खेमेन्तेची, म्हणजे आमच्या उइटहॉर्न या डच गावाच्या नगरपालिकेची पत्रं मी तीन-तीन दिवस बाल्कनीत उन्हात ठेवायचो. त्यातलं एक उडून शेजारच्या अंगणात गेलं. शेजारीण बिचारी ते परत द्यायला आली, तर मी दार न उघडता पत्र टाकायच्या फटीतून तिला धन्यवाद दिले! पण याला कुणी भीती म्हणू नये. याला नियोजन म्हणतात!

माझी बायको मीनल लायडनच्या सायन्स पार्कात एका प्रयोगशाळेत काम करते. खऱ्याखुऱ्या विषाणूंशी तिची रोजची उठबस. ती संध्याकाळी घरी येते, हात धुते आणि निवांत पोहे खायला बसते.

"मी विषाणूंमध्ये काम करते, मला काही वाटत नाही," ती येईल-जाईल त्याला सांगायची, "आणि हा एक्सेलमध्ये काम करतो, तर याची ही तऱ्हा!"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण एके दिवशी इरावतीच्या यूफचा, म्हणजे शाळेतल्या बाईंचा फोन आला. इरावती आमची एकुलती एक, अकरा वर्षांची. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत नाहीतर डचमध्ये. बाई फार गोड आवाजात बोलत होत्या आणि इथल्या बाई गोड आवाजात बोलल्या की समजावं, प्रकरण गंभीर आहे. शाळा उघडून इतके दिवस झाले, पण इरावती मधल्या सुट्टीत बाकावर बसून राहते. चेंडू जवळ आला की पाय वर घेते. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, त्याला सगळ्यांचे हात लागलेत, माझा बाबा सांगतो.

फोन स्पीकरवर होता. मीनलनं नुसतं सिंकजवळच्या साबणाकडे बोट दाखवलं. बोलली असती तर बरं झालं असतं!

मला फार वाईट वाटलं. माझ्या स्वतःच्या भीतीची मी कितीही वकिली करू शकतो, तेवढं कसब माझ्यात आहे. पण पोरीच्या भीतीची वकिली मला करता येईना. ती माझ्याकडूनच तर तिच्याकडे गेली होती. मास्क लावून, दीड मीटर अंतर ठेवून, सगळे नियम पाळून!

आता यात डेक्लन कुठून आला ते सांगतो. डेक्लन आमच्या ऑफिसातला टीम लीड. आयर्लंडमधल्या किल्केनीचा. गावाच्या नावातच 'किल' आहे, यावरून मी वेळीच सावध व्हायला हवं होतं. तो इथल्या आयरिश मंडळींचा 'पोल्डर गेल्स' नावाचा क्लब चालवतो आणि तिथे ते लोक हर्लिंग खेळतात. हर्लिंग म्हणजे काय? हातात चपटं टोक असलेली लाकडी काठी, आणि क्रिकेटच्या चेंडूचा सख्खा भाऊ शोभेल असा टणक चेंडू. तो हवेत असतानाच फटकवायचा आणि समोरच्या गोलात घालायचा. त्या चेंडूला ते म्हणतात 'स्लिटर'. म्हणजे कापणारा! निदान मी तरी तसंच ऐकलं.

लॉकडाऊनमध्ये दर शुक्रवारी टीम्सवर आमच्या गप्पा चालायच्या. एकदा प्रत्येकानं आपल्या लहानपणीचा खेळ सांगायचा होता. कॅमेरा चालू होता, समोर बारा माणसं होती आणि माझ्या अंगात आलं.

"विटीदांडू!" मी म्हणालो. "चिंचवडच्या आमच्या कॉलनीचा मी चॅम्पियन होतो!"

लाटणं आणि पेन्सिल घेऊन मी प्रात्यक्षिकही करून दाखवलं. विटी अशी उडवायची, हवेत असतानाच हाणायची! डेक्लन खुर्चीतून उठून उभाच राहिला.

"अरे माणसा, तू तर हर्लर आहेस! तुला ठाऊकच नाही!"

वाचकहो, तुमच्यापासून काय लपवायचं? मी चॅम्पियन नव्हतो. मी मोजणीला असायचो. विटी पडेल तिथून दांडूनं अंतर मोजत यायचं, एवढंच माझ्याकडे काम. कारण एकदा विटी नाकावर बसल्यापासून मी खेळताना डोळे मिटून घ्यायचो. पण हे टीम्सवर कोण सांगणार!

दोन हजार एकवीसच्या जूनमध्ये निर्बंध उठले आणि डेक्लनचा फोन आला. येत्या रविवारी क्लब पुन्हा सुरू होतोय, आधी मोठ्यांचा सराव सामना, मग लहान मुलांचा अर्धा तास. इरावतीला घेऊन ये. मी हरखलो. पोरीला मैदानावर न्यायची याहून चांगली संधी कुठली! मी लगेच तिला सांगितलं. ती बराच वेळ सँडलच्या पट्ट्याशी चाळा करत बसली.

"ओन्ली इफ यू प्ले," ती म्हणाली. "यू फर्स्ट, बाबा."

मीनलनं चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"अर्थात!" मी छाती काढून म्हणालो. "मी खेळणारच आहे!"

आणि बाथरूममध्ये जाऊन टबच्या काठावर बसलो.

मग मी इंटरनेटवर हर्लिंगचे व्हिडिओ पाहिले. ही माझी पहिली चूक. तो चेंडू दिसतच नाही हो! माणसं काठ्या घेऊन एकमेकांवर धावून जातात, कुठूनतरी टक् आवाज येतो आणि मग लोक ओरडतात. मी पुढचे तीन दिवस दचकत काढले. मीनलनं कुकर लावला की मी डोकं खाली घालायचो.

पण नियोजन हा माझा हातखंडा! शुक्रवारपर्यंत माझ्याकडे पक्की योजना तयार होती. मैदानावर तर जायचं, इरावतीला मैदानावर दिसायचं, पण चेंडूच्या वाटेला जायचं नाही. मी डेक्लनला मेल लिहिला, "एवढ्या महिन्यांनी माणसं एकत्र येणार, कुणीतरी कोविड अधिकारी नको का? ही जबाबदारी मी घेतो." सोबत सात पानी नियमावली जोडली. कलम चार लाल अक्षरांत: कपाळाचं तापमान अडतीसच्या वर असल्यास खेळाडूला तत्काळ घरी पाठवण्यात येईल. अपवाद नाही. डेक्लनचं उत्तर आलं, "तू हिरा आहेस!"

खरं सांगतो, त्या दिवशी मला दोन वेळा जेवण गेलं.

रविवारी कडक ऊन पडलं होतं. मीनल तिच्या पेशींना खाऊपिऊ घालायला प्रयोगशाळेत गेली होती, म्हणून आम्ही बापलेक सायकलवरून निघालो. मैदान कालव्याच्या कडेला, एका रग्बी क्लबचं भाड्यानं घेतलेलं. इरावतीनं मास्क आणि हातमोजे घातले होते. रेषेपासून चांगलं लांब घडीची खुर्ची मांडून ती पाय वर घेऊन बसली. मी पिवळं जाकीट चढवलं, गळ्यात शिट्टी, एका हातात यादी, दुसऱ्या हातात तापमान मोजायचं पिस्तूल. असा रुबाब माझ्या लग्नातसुद्धा नव्हता!

"सिओभान!" मी यादीतलं पहिलं नाव पुकारलं. कुणी पुढे येईना. "सिओभान कोण आहे?"

"शिवॉन," डेक्लन कानाशी कुजबुजला. "ते नाव शिवॉन असं म्हणतात. ती आजची रेफरी आहे आणि तुझ्यासमोरच उभी आहे."

आता एस-आय-ओ-बी-एच-ए-एन याचा उच्चार शिवॉन होतो, हे कुठल्या शाळेत शिकवतात? पण शिवॉन भली बाई. हसली आणि कपाळ पुढे केलं. छत्तीस सहा. मग एकेक खेळाडू येत गेले. छत्तीस चार, छत्तीस नऊ, सदतीस. योरिस नावाचा एक साडेसहा फुटी डच होता, त्याच्या कपाळापर्यंत पोचायला मला टाचा उंचवाव्या लागल्या.

शेवटी फर्गस आला. हा आमच्या हिरव्या टीमचा गोलकीपर. क्लबातलीच माणसं हिरवी आणि केशरी अशी वाटली होती. फर्गस हार्लेमहून सायकल मारत आला होता आणि टोमॅटोसारखा लाल झाला होता. मी पिस्तूल रोखलं. अडतीस चार!

"मी तीस किलोमीटर सायकल चालवलीय," तो म्हणाला. "उन्हात! वाऱ्याच्या विरुद्ध!"

"कलम चार," मी म्हणालो.

"पाच मिनिटं सावलीत बसू दे, मग परत बघ."

"अपवाद नाही!"

आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला तरी घरी पाठवत होतो. ऑफिसात नेहमी मला पाठवायची चर्चा होते. फर्गसनं डेक्लनला शोधायला इकडेतिकडे पाहिलं, मग हेल्मेट आणि काठी गवतावर टाकली आणि पुटपुटत सायकलवर बसून निघून गेला. मी यादीत त्याच्या नावापुढे लाल फुली मारली. छान वाटलं.

पाच मिनिटांनी डेक्लन आला.

"फर्गस कुठाय?"

"घरी पाठवला. अडतीस चार."

"मग गोलात कोण उभं राहणार?"

माझ्या डोक्यात हा प्रश्न आलाच नव्हता. सात पानांत कुठेच नव्हता.

इथे माझी एक खोड सांगायला हवी. समोरचा बोलत असला की मी मधून मधून "हो... हो..." करत राहतो. त्याचा अर्थ ऐकतोय, एवढाच. फोनवर आपण सगळेच करतो की! पण तीन वर्षं माझ्याबरोबर मीटिंगा करून डेक्लनला एक मराठी शब्द पक्का पाठ झाला होता. हो म्हणजे येस.

"आपल्याकडे नऊचे आठ राहिले," डेक्लन म्हणाला.

"हो... हो..." मी विचारात पडलो होतो.

"गोलकीपरशिवाय खेळता येणार नाही."

"हो."

"आणि तू तर तुमच्या कॉलनीचा चॅम्पियन."

"हो... हो..."

"म्हणजे तू उभा राहतोस?"

"हो... अं? काय?"

"शाब्बास!" डेक्लननं माझ्या पाठीत अशी थाप मारली की शिट्टी आपोआप वाजली. "मंडळी! सुदर्शन गोलात!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. लांब खुर्चीत बसलेल्या इरावतीनं मास्कच्या वरून माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले होते. आता नाही कसं म्हणणार?

फर्गसचं हेल्मेट गवतावर पडलं होतं. मी त्याच्याकडे पाहिलं आणि माझ्या लक्षात आलं, की हे एका तापाच्या माणसाचं हेल्मेट आहे. ताप आहे असं लेखी प्रमाणपत्र मीच दिलंय! मी खिशातून सॅनिटायझर काढला आणि अख्खी बाटली हेल्मेटमध्ये रिकामी केली. मग कोपऱ्यात जाऊन मीनलला फोन लावला.

"मीनल, तापाच्या माणसाचं हेल्मेट घालावं का?"

"कुठला ताप?"

"हार्लेमहून सायकलनं आला. अडतीस चार."

"सुदर्शन, तुझं स्वतःचं कपाळ बघ एकदा."

मी पिस्तूल स्वतःवर रोखलं. अडतीस सहा!

वाचकहो, तुम्हाला खोटं वाटेल, पण मला इतका आनंद झाला! सुटलो! कलम चार! मी धावतच डेक्लनकडे गेलो. "मला घरी जावं लागेल! नियम म्हणजे नियम!" डेक्लननं शांतपणे माझ्या हातातून पिस्तूल घेतलं आणि पांढऱ्या गोलपोस्टवर रोखलं. चाळीस दोन.

"गोलपोस्टलाही घरी पाठवायचं का?" त्यानं विचारलं.

फर्गसला लगेच फोन लावला. त्यानं फोन बंद करून ठेवला होता. मीही तेच केलं असतं.

अशा रीतीने मी गोलात उभा राहिलो. हर्लिंगचा गोल इंग्रजी एच अक्षरासारखा असतो. आडव्या दांडीच्या वरून चेंडू गेला तर एक गुण, खालून गेला तर तीन. खाली जाळी, आणि जाळीच्या पुढे मी. हेल्मेट घातल्याबरोबर सॅनिटायझरची अशी काही वाफ उठली की डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. पुढच्या लोखंडी जाळीतून हात घालून डोळे पुसता येईनात. लांबून इरावतीची हाक आली.

"बाबा, आर यू क्रायिंग?"

"नाही गं! सॅनिटायझर!" मी ओरडलो. आवाज मात्र रडल्यासारखाच आला.

शिवॉननं शिट्टी फुंकली. एवढ्या महिन्यांनी काठ्या हातात आल्या होत्या, माणसं नुसती सुटली! काठीवर काठी आपटत होती, गवताची ढेकळं उडत होती. मी जाळीला टेकलो तर अख्खी जाळी हलत होती. मनात एकच हिशेब चालू होता, की आपला दातांचा विमा नक्की कुठल्या महिन्यात संपला.

पहिला चेंडू आला तेव्हा मला तो दिसलाच नाही. उजव्या कानाजवळून काहीतरी भुर्रकन गेलं आणि मागे जाळी फुगली. तीन गुण! दुसरा मला दिसला, म्हणून मी बाजूला झालो. तीन गुण! "त्याला अडवायचं असतं!" डेक्लन ओरडला. तिसरा माझ्या काठीवर येऊन आदळला. मी काही केलं नव्हतं, काठी तिथे होती, एवढंच. कोपरापर्यंत मुंग्या आल्या आणि आमच्या लोकांनी "वेल डन!" म्हणून आरोळी ठोकली. मी चोरून इरावतीकडे पाहिलं. तिनं पाय खाली घेतले होते.

मग योरिसची पाळी आली. तो केशरी टीमचा हुकमाचा एक्का. चेंडू काठीच्या टोकावर तोलत तो एकटाच माझ्या दिशेनं धावत आला. साडेसहा फूट! मध्ये कुणी नाही! डेक्लन त्याच्या मागून जीव खाऊन पळत होता आणि मला ओरडून विचारत होता, "सुदर्शन! जागा सोडू नकोस! तयार आहेस ना? आहेस ना तयार?"

मला मराठीशिवाय कुठलीच भाषा आठवेना. माझ्या तोंडून सगळ्या ताकदीनिशी निघालं, "हो! हो! हो! हो!"

आणि योरिस थांबला.

जागच्या जागी! बूट गवतात रुतवून! त्याच्या काठीवरचा चेंडू घरंगळत माझ्या पायाशी आला. योरिस मागे वळून बघू लागला, कोण पडलं, कुणाला लागलं? मागून डेक्लन त्याच्यावर आदळला.

"मार! चेंडू मार!" आमचे सगळे ओरडत होते. मी डोळे मिटले आणि काठी हाणली. चेंडू तिथेच राहिला. ढेकूळ मात्र सुरेख गेलं, पार कालव्यात!

योरिस लालबुंद झाला. "यानं मला थांबवलं! हे फसवणं आहे!" तो शिवॉनला सांगू लागला. "कुणाला तरी लागलं असं समजून मी थांबलो!"

"मी नाही थांबवलं!" मी म्हणालो. "मी येस म्हणालो!"

"येस?" शिवॉननं विचारलं. "मला तरी येस ऐकू आलं नाही."

"येस म्हणजे... हो!"

'हो' म्हटल्याबरोबर योरिस पुन्हा दोन पावलं मागे सरला.

"हे बघा! पुन्हा!" तो किंचाळला.

"अहो, हो म्हणजे हो!"

"बघा! बघा!"

मी जितकं समजावत होतो तितकं प्रकरण चिघळत होतं. योरिस डचमध्ये, डेक्लन आयरिश इंग्रजीत आणि मी घामाघूम होऊन मराठीत बोलत होतो. एवढ्यात बाजूनं एक बारीक, चिडलेला आवाज आला.

"बाबा! स्टॉप सेइंग दॅट! 'हो' मीन्स स्टॉप इन डच!"

इरावती होती. थेट गोलापुढे, आमच्या घोळक्यात. बापाची लाज असह्य होऊन ती धावत आली होती, आणि धावताना मास्क हनुवटीवर आला होता. तिनं योरिसला डचमध्ये सांगितलं, की माझे वडील मराठी आहेत आणि मराठीत 'हो' म्हणजे डचमधलं 'या', येस. शिवॉनला इंग्रजीत सांगितलं, की ही वॉज जस्ट सेइंग येस. नऊ वर्षं या देशात राहून मी रोज सायकलवाल्यांना, टपालवाल्याला, डॉक्टरला "थांबा, थांबा" म्हणत होतो, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टर तपासताना मध्येच हात का काढून घ्यायचा, हेही कळलं!

सगळे हसायला लागले. योरिससुद्धा. मी मात्र हसत नव्हतो. मी इरावतीच्या हाताकडे पाहत होतो. बोलता बोलता तिनं पायाशी पडलेला चेंडू उचलला होता. हातमोजा कधी काढला होता कोण जाणे. अठरा जणांनी मघापासून घोळवलेला, गवताचा, घामाचा तो चेंडू ती उघड्या बोटांनी फिरवत होती आणि तिला ते ठाऊकही नव्हतं.

माझ्या घशाशी शब्द आला, टाक तो! सॅनिटायझर लाव! मी दात ओठांवर रोवले आणि गप्प राहिलो. त्या दिवशी मी जे काही शौर्य केलं ते एवढंच. बाकी सगळं अपघातानं झालं.

शिवॉननं निर्णय दिला. हेतू वाईट नव्हता, पण खेळाडूला थांबवलं हे खरं, तेव्हा केशरी टीमला पेनल्टी. मारणार योरिस. समोर फक्त गोलकीपर.

डेक्लनला माझी दया आली असावी. तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "ही मी घेतो, सुदर्शन. तू बाहेर हो."

याहून चांगला प्रस्ताव मला जन्मात कुणी दिला नव्हता. पण इरावती अजून रेषेवरच उभी होती. खुर्चीकडे परत गेली नव्हती. मी बाहेर पडलो असतो तर ती कुठे जाऊन बसली असती, हे मला नीट माहीत होतं.

"मीच राहतो," मी म्हणालो. आणि ते तोंडातून निघताक्षणी मला पश्चात्ताप झाला.

योरिसनं चेंडू उडवला. काठी मागे गेली. त्या अर्ध्या क्षणात मला आई आठवली, गृहकर्ज आठवलं, चिंचवडची ती विटी आठवली. मी आडवा झेपावलो असं क्लबात अजून सांगतात. ते खरं नाही. मी पळून जायला वळलो होतो. चेंडू जिथे लागला ती जागा मी इथे लिहीत नाही, पण पुढचे चार दिवस मी सगळ्या मीटिंगा उभ्यानं केल्या! मी बोंबलत जमिनीवर पडलो. चेंडू माझ्यावर आपटून बाहेर गेला होता. गोल झाला नव्हता.

"बाबाऽऽ!" इरावती धावत आली. मला वाटलं, आता ही रडणार. पण पोरगी हसत होती! पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती. वर्षभरात मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. "डिड इट हर्ट?"

"खूप," मी म्हणालो. खोटं बोलायचं त्राणच नव्हतं.

"बट यू आर ओके?"

मी हातपाय हलवून पाहिले. कमाल म्हणजे, होतो.

आम्ही तो सामना पंचवीस गुणांनी हरलो. त्यानंतर मुलांच्या अर्ध्या तासासाठी शिवॉननं छोटी हेल्मेटं बाहेर काढली. इरावतीनं त्यातलं एक उचललं, वासही घेतला नाही, सरळ डोक्यात घातलं आणि पट्टा आवळला. "बाय, बाबा!" म्हणाली आणि गेलीसुद्धा.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. मी बाकावर बसून, म्हणजे बाकाशेजारी उभा राहून, अभिमानानं पोरीचा खेळ बघायला हवा होता. पण शिट्टी वाजली, पहिली काठी आपटली, टक्! आणि मी डोकं खाली घातलं. स्वतः गोलात उभा असताना जी भीती वाटली होती ती यापुढे काहीच नव्हती. ते माझं नाक होतं. हे तिचं! मी हळूच सरकत सरकत सामानाच्या शेडमागे गेलो, भिंतीकडे तोंड केलं, डोळे मिटले आणि कानांत बोटं घातली. तरी ऐकू येतच होतं. टक्! टक्! मुलं ओरडत होती. एकदा तर फार मोठा ओरडा झाला, आणि त्यात "इराऽऽ! इराऽऽ!" ऐकू आलं. मी भिंत घट्ट धरली.

अर्ध्या तासानं ती मला शोधत शेडमागे आली. गाल लाल, केस कपाळाला चिकटलेले, गुडघ्यावर मातीचा हा एवढा डाग. नाक जागेवर होतं. मी मोठा श्वास घेतला.

"बाबा! डिड यू सी मी?"

"पाहिलं म्हणजे काय! सगळं पाहिलं!" मी म्हणालो. "अगं, काय जबरदस्त गोल मारलास तू!"

इरावतीनं हेल्मेट काढलं. थोडा वेळ माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागच्या भिंतीकडे पाहिलं.

"बाबा, मी गोल मारला नाही," ती म्हणाली. "मी गोलकीपर होते."

आणि हे तिनं चक्क मराठीत सांगितलं, मला नीट समजावं म्हणून.